पांढरं बूच

त्या आठवड्यात दामिनीचे पाय जमिनीला लागत नव्हते. आठवीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी ही पोरगी, आणि नववीत विज्ञान प्रदर्शनात चार दिवस अशी बोलली की शेजारच्या टेबलावरची पोरं स्वतःचं मॉडेल सोडून तिचं ऐकायला आली! दुसरं बक्षीस मिळालं. घरी आल्यावरही तोंड थांबेना.

"तुझं बटन कुठं हाय गं बंद करायचं?" आई शिवकांता वैतागून हसली.

बक्षीस मिळालं ते 'गळती थांबवा' या मॉडेलला. मॉडेल म्हणजे काय, तर एक पारदर्शक पाइप आणि त्याच्या तोंडात अप्पांचं रबरी बूच.

अप्पा, म्हणजे दामिनीचे वडील गुंडप्पा, लातूरच्या एमआयडीसीत कारखान्यांचे पाइप तपासायचे. नवी लाइन जोडली की तिची दोन्ही तोंडं बुचांनी बंद करायची, आत पंपानं पाणी दाबायचं आणि घड्याळासारख्या मीटरचा काटा खाली येतो का ते बघत बसायचं. काटा हलला नाही म्हणजे लाइन पक्की. बूच दिसायला साधं: दोन लोखंडी चकत्या, मधे जाड रबर, आरपार बोल्ट. नट आवळला की चकत्या जवळ येतात, रबर बाजूनं फुगतं आणि पाइपाला आतून घट्ट धरून बसतं.

रोज संध्याकाळी अप्पा त्या दिवशी वापरलेली सगळी बुचं ढिली करून पुसायचे. प्रत्येकाच्या रबरावरून अंगठा फिरवायचे आणि मगच त्याला डब्यातली पावडर लावायचे. पांढरं बूच म्हणजे तपासलेलं. काळं म्हणजे अजून बघायचं राहिलेलं. बारा वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

"माझ्या तोंडाला न्हाई तेवढी पावडर त्या बुचांना," असं आईचं नेहमीचं.

दामिनीनं ते बूच अप्पांच्या पिशवीतून न विचारता नेलं. वर चारही दिवस आवळूनच ठेवलं, कारण फुगलेलं बूच कसं झोकदार दिसायचं! शेवटच्या दिवशी नट सोडला तर रबर पहिल्यासारखं बसेना. लाकडानं ठोकून बाहेर काढावं लागलं. कडेला केसाएवढी एक चीर होती. नख लावलं की उघडायची.

ती दोन मिनिटं चिरेकडे बघत राहिली. मग घरी येऊन डबा उघडला, बुचाला छान पावडर लावली आणि ते पिशवीत ठेवून दिलं.

रविवारी ती हट्टानं अप्पांबरोबर तेलाच्या मिलमध्ये गेली. पुढच्या प्रोजेक्टसाठी व्हिडिओ काढायचा होता. अप्पांनी पिशवीतून एक पांढरं बूच घेतलं, पाइपात बसवलं, पाना फिरवला. दामिनी मोबाइल धरून बरोबर बुचासमोर उभी राहिली. कोन फार झकास होता.

अप्पांनी दंड धरून तिला बाजूला ओढलं. "कितीदा सांगितलं? बुचाच्या तोंडासमोर उभं राहायचं न्हाई!"

पंप सुरू झाला. काटा चढत गेला. आणि धाडकन् आवाज होऊन बूच सुटलं. ती जिथं उभी होती तिथून सरळ जाऊन मागच्या पत्र्याच्या पिंपावर आदळलं. पिंपाला वाटीएवढा पोचा पडला. सगळ्यांच्या अंगावर पाणी.

दामिनी पोच्याकडे बघत होती. तो तिच्या तोंडाच्या उंचीवर होता.

मिलचे इंजिनियर मृत्युंजय साहेब शर्ट झटकत आले. "गुंडप्पा, हे काय? तुमच्या भरवशावर मी इथं माणसं उभी करतो!"

अप्पांनी फाटलेलं बूच उचललं. ओल्या रबरावरून अंगठा फिरवला. "माझ्या हातची पावडर हाय साहेब. मलाच चीर दिसली नसंल. चूक माझी."

"मग पुढच्या मोठ्या लाइनचं काम मी दुसऱ्याला देतो. डोळे गेले असतील तर चष्मा घ्या."

मिलचे दोघं हेल्पर खाली बघून हसले. अप्पा नुसते बूच पुसत राहिले. शाळेत एवढी बडबडणारी दामिनी एक पाऊल पुढं झाली.

"पावडर मी लावली," ती कशीबशी म्हणाली. "मला चीर दिसली होती. दिसली म्हणूनच लावली. शाळेत न्हेलं होतं... अप्पांना म्हाईत न्हाई."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "खरं बोललीस, बरं केलंस. पण खरं बोलून चिरलेलं बूच पाइप धरत न्हाई बाळा." मग अप्पांकडे वळले. "काम तुम्हीच करा. पण आजपासून पावडर-बिवडर चालणार न्हाई. प्रत्येक बूच आधी आमचा माणूस बघंल."

"हाव साहेब," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या बुचानं लाइन पास झाली, पण त्याआधी कालच कामाला लागलेल्या एका हेल्परनं ते बूच उलटसुलट करून बघितलं. अप्पा हात मागे बांधून उभे होते.

संध्याकाळी अप्पांनी पिशवी अंगणात उपडी केली आणि सगळी बुचं बादलीत धुऊन काढली. एकही पांढरं ठेवलं नाही. दामिनी शेजारी येऊन बसली.

"बक्षीस देताना विचारलं आसंल की, हे कुठून आणलं, कोणी शिकवलं?" अप्पांनी विचारलं.

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

तिनं मान खाली घातली. "यूट्यूबवर बघून स्वतः केलं, म्हणून सांगितलं."

अप्पांचा अंगठा रबरावर थांबला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक काळं बूच तिच्या हातात दिलं.

"अंगठा फिरव. सावकाश. पूर्ण गोल."

तिनं फिरवला. मग अप्पांसारखाच पावडरच्या डब्याकडे हात नेला, तेव्हा अप्पांनी डबा उचलून आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवला.

"ते एवढ्यात न्हाई," ते म्हणाले आणि पुढचं बूच तिच्याकडे सरकवलं.