भरतीला घातलेल्या काड्या

पुंजाराम द्राक्षाच्या मंडपावरून पडला, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि त्या वर्षीची छाटणी बायकोच्या, लंकाबाईच्या गळ्यात आली. आजवर वेलाची काडी कुठल्या डोळ्यावर, म्हणजे पेरावरच्या कोंबावर, कापायची ते पुंजारामच बोटानं दाखवायचा. "यंदा तू बघ," एवढंच तो म्हणाला. आत घड दडलेल्या डोळ्याच्या खाली कात्री बसली, की वर्षभर नुसता पाला. आणि पेठकडची छाटणीची टोळी उद्या सकाळी येणार होती.

म्हणून ती काड्या घेऊन नाशिकला आली. द्वारका चौकाजवळच्या एका प्रयोगशाळेत छाटणीआधी डोळा फोडून आतला घड सूक्ष्मदर्शकाखाली बघत. निघताना धाकटा दीर चंदर हसला होता, "वहिनी, डोळ्याचा डॉक्टर माणसाला असतो. काडीला कशापायी?"

लंकाबाईनं काड्या पारखून आणल्या होत्या. रस्त्याकडच्या रांगेतल्या, अंगठ्याएवढ्या जाड, तुकतुकीत. बसमध्ये त्यांचे डोळे घासू नयेत म्हणून भोवती आतल्या बागेतल्या बारीक काड्या भरतीला घातल्या होत्या. त्या तिनं जिन्यातच, चपलांपाशी काढून ठेवल्या आणि जाड तेवढ्या आत नेल्या.

तपासणारी तृप्ती मॅडम तिच्या लेकीच्या वयाची होती. तिनं पात्यानं डोळ्याचं तपकिरी कवच सोललं. खाली कापसासारखी लव, त्या कापसाखाली हिरवा ठिपका. एक डोळा झाला, दुसरा झाला.

"मावशी, बघा."

लंकाबाईनं भिंगाला डोळा लावला. गलोलीच्या बेचक्यासारखे दोन फाटे दिसले.

"ही बाळी. वेल जिनं तार धरतो ना, ती. घड आणि बाळी एकाच ठिपक्यातून निघतात. ठिपक्याला ऊन आणि काडीतला साठा मिळाला, तर तो फाटत फाटत घड होतो. नाही मिळाला, तर दोन फाटे काढून थांबतो."

"म्हंजी घड नाय?"

"या काड्यांत तरी नाही."

लंकाबाई भिंगापासून मागं सरली. पहिल्यांदाच बाग हाती आली होती. घरी जाऊन प्लास्टरमधल्या माणसाला सांगायचं काय?

तृप्तीनं एक काडी चिमटीत फिरवून पाहिली. "कुठल्या रांगेतल्या या?"

"रस्त्याकडच्या. गोठ्याचं पानी उतरतं तिकडं. लय जोर हाय त्यांना."

"जोर आहे म्हणूनच. नुसती वाढण्यात रमली काडी, घडासाठी साठा उरलाच नाही. सगळी बाग अशीच आहे?"

लंकाबाईनं पदर सारखा केला. "नाय. आतली बारीक हाय. पन मॅडम, पोरगी दाखवायची तर कामाच्या लुगड्यावर कोन दाखवतं?"

तृप्तीला हसू आवरेना. "मावशी, मला कुठं सोयरीक करायचीय? मला कामाच्या लुगड्यातलीच हवी. आतल्या काड्या आणता येतील?"

"टोळी उद्या उजाडताच येतीय. जाऊन येईस्तवर तुमची लॅब बंद..." बोलता बोलता ती थांबली आणि अनवाणीच जिन्याकडे पळाली. मघाच्या भरतीच्या काड्या चपलांपाशी तशाच पडल्या होत्या.

पेन्सिलीएवढ्या त्या काड्या तिनं टेबलावर ठेवल्या आणि हात पाठीमागे धरून उभी राहिली. तृप्तीनं कवच काढलं, कापूस काढला, सुईनं हलकेच बाजूला सारलं.

"या बघायला."

या वेळी बेचकं नव्हतं. कणाला कण चिकटलेला गच्च गड्डा होता, मुंगीला पेलेल एवढं जोंधळ्याचं कणीस.

"देवा," लंकाबाई म्हणाली आणि बराच वेळ भिंगावरून हलली नाही.

तृप्तीनं आणखी काड्यांचे डोळे फोडले. "चौथ्या-पाचव्या डोळ्यात चांगले घड आहेत. पाचव्याच्या वर कापा. रस्त्याकडच्या रांगांत काडी लांब ठेवा. वरच्या डोळ्यात कुठं घड असला तर मिळेल. आणि गोठ्याचं पाणी तिकडून वळवा."

खाली उतरून लंकाबाईनं एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. चंदरनं उचलला.

"काय म्हनला डोळ्याचा डॉक्टर?"

"रस्त्याकडच्या काड्या नापास झाल्या."

"आरं तिच्या! मग?"

"जिन्यात टाकल्या होत्या त्या पास झाल्या. तुझ्या दादाला सांग, आतल्या बागेत घड हाय." तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "आन् ऐक, उद्या मी बागेत आल्याबिगर कात्री लावू द्यायची नाय. डोळा मी दाखवनार."