दोन कोटी वर्षांपूर्वीचा पहारेकरी

काचघरातल्या तिसऱ्या फळीवर चोवीस कुंड्या होत्या. प्रत्येकीत जंगली तंबाखूचं एक रोप. बारा देठांना लाल दोरा, बारांना पांढरा. लाल म्हणजे पानात रोग ओळखणारा पहारेकरी टोचलेला. पांढरा म्हणजे पहारेकरी नाही.

हा पहारेकरी संशोधक विद्यार्थिनी रालित्सानेच घडवला होता. टोमॅटो, बटाटा आणि मिरचीची आजची जनुकं ताडून तिने त्यांच्या दोन कोटी वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचं जनुक मांडलं होतं. रोगाचं प्रथिन मात्र तिने चोवीसही पानांत टोचलं होतं. त्या म्हाताऱ्याने आजचा चोर ओळखला, तर रोगाची वाट अडवायला तीन दिवसांत टोचल्या जागी पान स्वतःच करपणार. नाही ओळखला, तर फळी मिरचीवर संशोधन करणाऱ्या गटाला जाणार आणि तिच्या प्रबंधाला रामराम.

तिसऱ्या दिवशी, एक मार्चला, ती आत शिरली आणि दारातच थबकली. चोवीसही देठांवर वसंताच्या शकुनाची, लाल-पांढऱ्या पिळाची मार्तेनित्सा, खाली गोंड्यासकट.

"पेना मावशी! हे काय केलंत?"

काचघर सांभाळणाऱ्या पेना मावशींनी झारी खाली ठेवली. "अगं, कुणाला नुसता लाल, कुणाला नुसता पांढरा! बाबा मार्ता, आपली मार्चआजी, आधीच खाष्ट म्हातारी. चिडली असती तर महिनाभर बर्फ पाडलं असतं. कुंड्याही उंचीप्रमाणे लावून ठेवल्या."

"आणि माझे दोरे?"

"त्यांचेच तर पीळ घातले. एवढी शिकलीस, पण एक गाठ धड मारता येत नाही तुला."

तिचे मार्गदर्शक प्राध्यापक हरलांपिएव आले, त्यांनी ऐकलं आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले.

"मावशी, विद्यापीठाने तुम्हालाच पदवी द्यायला हवी. रालित्सा, कुठलं रोप कुठलं ते आता तुलाही ठाऊक नाही, मलाही नाही. मी डाग मोजतो. तू डागाच्या कडेचा तुकडा घेऊन जनुक तपास. मग जुळवू."

"आणि नाही जुळलं तर?"

"सोमवारी मिरचीवाले येतील. त्यांच्याही देठांना मावशी काहीतरी बांधतीलच."

रालित्साने पहिली कुंडी पुढे ओढली. लाल दोऱ्याच्या दोन पानांवरच्या पिवळसर छटेला तिने कालच मनातल्या मनात डाग म्हणून टाकलं होतं. ती सोय आता उरली नव्हती.

प्राध्यापकांनी डागांची कुंडीवार यादी करून पाकिटात बंद केली. तिचं काम चार वाजता संपलं, तेव्हा पाकीट उघडलं.

प्राचीन जनुक बारा रोपांत सापडलं. त्यांपैकी अकरांच्या पानांवर करपलेला डाग होता. उरलेल्या बारांपैकी एकाच्याही पानावर नव्हता.