बोरीच्या काट्यावरचा उंदीर

मित्रांनो, मी एक जुनी बोरी आहे. दिल्लीच्या टोकाला, द्वारकेत, एका नव्या सोसायटीच्या भिंतीला टेकून उभी आहे. अंगभर काटे आहेत आणि त्यांची मला लाज नाही. याच काट्यांच्या आडोशानं बुलबुलांची किती पिल्लं मोठी झाली! मांजराची काय बिशाद होती वर चढायची? मुळांशी मुंगसिणीचं बीळ आहे. वर खाटीक पक्षी राहतो. तो टोळ, पाली, उंदीर पकडतो आणि माझ्या काट्यांत टोचून ठेवतो. भूक लागली की येऊन खातो. त्याचं फडताळच म्हणा ना.

पूर्वी इथं मोहरीची शेतं होती. गावच्या बाया माझ्या फांद्या नेऊन शेताला कुंपण घालायच्या, बोरं खायच्या आणि माझं कौतुकही करायच्या. मग शेतं विकली गेली. आधी हिवराची झाडं गेली, मग बाभळी. कोल्हे कधी गेले ते कळलंसुद्धा नाही. एका हिवाळ्यात त्यांचं ओरडणं ऐकू आलं नाही, एवढंच. माझ्याखाली मोटारी लागू लागल्या आणि टपावर बोर पडलं की लोक मलाच शिव्या घालू लागले.

यंदा संक्रांत झाली आणि काल सुनंदाबाई मुला-सुनेला घेऊन माझ्याकडे आल्या. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून मुलगा दत्तात्रय, सून वृंदा आणि तान्हा नातू अंशुमन यांच्यासह त्या समोरच्या पहिल्या मजल्यावर राहायला आल्या आहेत. नातवाचं बोरन्हाण होतं.

"बाजारातली ढब्बू बोरं नकोत हं," त्या सुनेला म्हणाल्या. "बाळाच्या डोक्यावर ओतायचीत, दगडफेक नाही करायची!"

मी मनातून सुखावले. तेवढ्यात वृंदा किंचाळली. काट्यावर उंदराचं पिल्लू लटकत होतं, शेजारी दोन टोळ.

"आई, करणी!"

सुनंदाबाईंनी पदरातली बोरं तिथंच टाकली. "माझ्या नातवावर? हे झाड गेलं पाहिजे!"

"काहीतरीच काय, आई," दत्तात्रय म्हणाला.

"तू गप्प बस. ऑफिसात शहाणपण कर!"

आरडाओरडा ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. त्यांना इथं गाड्यांसाठी जागा हवीच होती. "बिल्कुल, माताजी! कल ही कटवा देते हैं."

आज सकाळी सुनंदाबाई गॅलरीत चहा पीत होत्या. खाटीक आला. त्यानं काट्यावरच्या उंदराचा लचका तोडला, चोच पुसली आणि एक नवा टोळ शेजारी टोचून ठेवला. त्यांनी सगळं पाहिलं.

"अगं बाई, हा मेला पक्षी होय!" त्या पुटपुटल्या. वृंदाला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काल साऱ्या सोसायटीत डंका त्यांनीच पिटला होता. आता सुनेसमोर काय सांगायचं? हा ताठा मी ओळखते. माझ्या बुंध्यातही तोच आहे.

फाटकातून करवतवाले आत आलेत. मुंगसीण पिल्लू तोंडात धरून बाहेर येते, चारी बाजूंचं सिमेंट बघते आणि पुन्हा आत जाते. तिनं जावं कुठं?

मित्रांनो, काट्यांना खुशाल भ्या, पण काट्यावर काय आहे ते नीट बघा. आणि आपलं चुकलं असं कळलं तर लगेच, मोठ्यानं सांगा. मनातल्या मनात म्हटलेलं करवतीला ऐकू जात नाही.

सुनंदाबाई, बोला. माझ्या फांदीला दोर बांधला. बोला ना, बाई!

गॅलरीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं.