जिऱ्याच्या वाटीतली गोळी

मानवी प्रगतीचा इतिहास म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवायला शिकल्याचा इतिहास, असं बद्रीनाथरावांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी पुंडलिकनगरातल्या समस्त शेजाऱ्यांना ऐकवलं होतं. बहुतेक वेळा एकाच पायात चप्पल घालून, कारण दुसरी सापडत नसे.

सरकारी गोदामात हयात गेलेला माणूस. निवृत्तीनंतर सांभाळायला गोदाम उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर घरातल्या औषधांवर गेली. गुलमंडीच्या बाजारातून स्टीलचा नवाकोरा मसाल्याचा डबा आला. पाकिटांतल्या गोळ्या काढून त्याच्या वाट्यांत भरल्या गेल्या, पाकिटं अडगळ म्हणून बाहेर गेली. डबा गॅसजवळच्या खालच्या फळीवर बसला, कारण वरच्या फळीकडं पाहिलं की रावांची मान धरायची. तेव्हापासून घरात औषधांची नावं संपली, वाट्यांची उरली.

"अवं, तुमची जिऱ्याची घेतली का?" त्यांच्या पत्नी चतुराबाई विचारायच्या. म्हणजे रक्तदाबाची.

"घेतली. तू हळदीची घे." म्हणजे साखरेची.

सून प्रेरणा कामावर जाताना चिमुरड्या अपेक्षाला यांच्यापाशी सोडून जायची. "आबा, गोळी कशी लागती?" अपेक्षा विचारायची. "गोड," आबा सांगायचे. तेवढंच तिला खोकल्याचं औषध पाजताना तंटा नको.

त्या दुपारी चतुराबाई चहा ठेवायला गेल्या, तर डबा फरशीवर, झाकण भलतीकडं. जिऱ्याच्या वाटीत सकाळी शेवटची गुलाबी गोळी होती. ती नव्हती.

"तुम्ही घेतली का हो?"

"नाय. ती उद्याची."

दोघं बाहेरच्या खोलीत आले. अपेक्षा देवघरासमोर मांडी घालून गप्प बसली होती. ही पोर झोपेतसुद्धा गप्प नसते.

"बाळा, गोळी घेतली का?"

तिनं मान हलवली. व्हय.

"खाल्ली?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले.

 रावांनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"नातीनं जिऱ्याची गोळी खाल्ली वाटतं."

"मग काय झालं? जिरागोळी पाचक असते, काका."

"तसली नाय हो. जिऱ्याच्या वाटीतली. प्रेशरची."

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "नाव वाचा. पाकिटावर असेल."

"पाकीट नाय."

"कशी दिसते?"

"गुलाबी. लई गुलाबी नाय, जरा फिकी."

"काका, निम्म्या गोळ्या गुलाबी असतात. उलटी करायला लावू नका. उचला आणि सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. डबा बरोबर घ्या. मी तिथं कळवते."

राव दारापर्यंत गेले, परत आले, डबा घेतला, पुन्हा दारापर्यंत गेले, नात राहिली म्हणून परत आले. रिक्षाला हाक मारली ती खिडकीतून, आणि खिडकी बंद होती. एक चप्पल सापडली. दुसरी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच शोधली नाही.

"तरी म्हणत होते, मसाल्याचा डबा मसाल्यालाच असू द्या," चतुराबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "पण हे गोदामवाले."

रावांनी नातीला उचललं, तशी ती देवघराच्या चौकटीला चिकटली. "थांब ना आबा. बोलू नको. देव जेवतोय."

घंटेच्या मागं भातुकलीची ताटली होती. ताटलीत गुलाबी गोळी, भोवती बोटानं काढलेलं पाण्याचं गोल. गोड काहीही आधी देवाला दाखवायचं आणि त्याचं होईस्तोवर गप बसायचं, हा चतुराबाईंचा नेम होता. आबांचं खोटं त्यांच्या नेमात येऊन अडकलं होतं.

 रावांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून गोळी सापडल्याचं सांगितलं, शिव्या ऐकल्या, "व्हय" म्हणाले. मग एका चपलेवर उभं राहून त्यांनी जाहीर केलं, की आजपासून या घरात गोळी पाकिटातच राहील, पाकीट उंच कपाटात आणि कपाट कुलपात. गोळीला कुणी गोड म्हणणार नाही, आणि माणसाला वस्तूंची जागा कळायला उशीर लागतो, पण एकदा कळली की...

अपेक्षानं त्यांचा लेंगा ओढला.

"आबा, देवाचं झालं असंल तर आता मला दे ना."