नानासाहेबांची माय

आधार बैसाणे धुळ्यात भाषणं लिहून पोट भरायचा. शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष नानासाहेब त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच्या वाक्याला हजार माणसं टाळ्या वाजवायची, तेव्हा मागे लाउडस्पीकरवाल्यापाशी उभ्या असलेल्या आधारच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. टाळ्या मात्र नानांच्या पदरात पडायच्या. याची त्याला सवय झाली होती.

एकदा त्यानं स्वतःसाठी एक लेख लिहिला. आई शेवंताबाईवर. शिंदखेड्याच्या वीटभट्टीवर ती डोक्यावर विटा वाहायची आणि आधारला सावलीत पाटी गिरवायला बसवायची, त्याबद्दल. लेख कसा झालाय ते विचारायला म्हणून त्यानं तो नानांकडे दिला.

पुढच्याच महिन्यात धुळ्याच्या सभेत नानांनी तो वाचला. स्वतःच्या आईची आठवण म्हणून! नानांची आई माडीवरून खाली उतरत नसे, हे सगळं गाव जाणून होतं. तरी बाया पदरानं डोळे पुसत होत्या. शेवंताबाईही त्या बायांत बसली होती. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "आधार, हाई बठ्ठी मनी गोट शे. त्याना तोंडमा कशी गई?"

 माझ्या आईची गोष्ट तुमच्या तोंडी कशी गेली, असं आधारनं नानांना विचारलं, तर ते हसले. "अरे, तुझ्या आईला कोण ओळखतं? गोष्ट माझ्या तोंडून निघाली म्हणून लोक रडले."

 ते हसणं आधारच्या काळजात रुतलं.

हिवाळ्यात चोपड्याला मंत्र्यांच्या हस्ते नानांचा सत्कार ठरला. भाषण अर्थातच आधारकडे आलं. व्यासपीठावर चढेपर्यंत कागद उघडायचा नाही, ही नानांची खोड त्याला पाठ होती. त्यानं जीव ओतून लिहिलं. इतकं सुंदर त्यानं आजवर लिहिलं नव्हतं.

नाना रंगात आले. टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या. त्याच ठेक्यात शेवटचं पान आलं. "ज्या माउलीनं विटा वाहून मला शिकवलं, तिच्या ऋणातून थोडं उतराई व्हावं म्हणून देवपुरातल्या माझ्या प्लॉटवर मी गरीब मुलींसाठी वसतिगृह बांधून देतो. त्याचं नाव राहील, शेवंताबाई वसतिगृह!"

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि नानांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. पण मंडप उठून उभा राहिला होता. मंत्र्यांनी त्यांना मिठी मारली आणि माइक ओढून जाहीर केलं, "भूमिपूजनाला मी स्वतः येणार!" दुसऱ्या दिवशी जळगावच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी.

नानांनी आधारला बोलावून घेतलं. ओठ पांढरे पडले होते. "हरामखोरा, कोण शेवंताबाई?"

"तुमची माय, नाना. धुळ्यात तुम्हीच सांगितलं ना?"

त्यानंतर खान्देशातल्या एकाही पुढाऱ्यानं आधारला भाषण लिहायला सांगितलं नाही. लग्नपत्रिकांचे मजकूर आणि दुकानांच्या जाहिराती लिहून तो दिवस ढकलू लागला. घरात दूध बंद झालं. पण चोपड्याची सभा आठवली की त्याला कोरा चहाही गोड लागे.

वसतिगृह उभं राहिलं. उद्घाटनाला नानांना बोलावंच लागलं, आणि हातात कागद नव्हता. "बंधुभगिनींनो..." म्हणून ते अडखळले, खाकरले, पाणी प्याले, पुन्हा "बंधुभगिनींनो" म्हणाले. मागची माणसं कुजबुजू लागली. दोन वाक्यांत नाना खाली बसले.

पहिल्या रांगेत आईशेजारी बसलेला आधार मग एकटाच टाळ्या वाजवत राहिला. हात दुखेपर्यंत.