दोन कप्प्यांचा कोट

“जरा कात्री मिळेल का?” खिसेमावशींनी विचारलं.

विमानतळावरच्या काउंटरमागे बसलेल्या मुलीने त्यांच्याकडे पासपोर्ट मागितला होता. आजवर तिच्याकडे लोकांनी खिडकीजवळची जागा मागितली होती, पाणी मागितलं होतं, एकाने तर तिचा फोन नंबरही मागून पाहिला होता. पण कात्री कुणी मागितली नव्हती. तिने मावशींना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आवाज शक्य तितका गोड ठेवून विचारलं, “कात्री कशाला, मावशी?”

“पासपोर्ट काढायला. कोटात शिवलाय.”

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मावशींना त्याचा राग आला नाही. दुसऱ्या कुणी असा उद्योग केला असता तर सगळ्यात आधी त्याच हसल्या असत्या आणि पुढचा महिनाभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हकीकत रंगवून सांगत बसल्या असत्या.

बाजारामागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांचे यजमान कापड बेतायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि मावशी मशीनवर बसायच्या. कपडे काय, सगळेच शिंपी शिवतात. पण चोरखिसा शिवावा तो याच दुकानात, असा लौकिक होता. परदेशी एकटं निघालेलं कुणीही असो, शिकायला चाललेली मुलगी, नोकरीवर निघालेली नर्स, नाहीतर कंत्राटावर जाणारा वेल्डर, निघण्यापूर्वी मावशींकडे एक फेरी ठरलेली. कमरेच्या पट्ट्यात, बाहीच्या आत, अस्तराच्या पोटात त्या असा खिसा बसवायच्या की ज्याचा कपडा त्यालाही तो दाखवून द्यावा लागायचा.

खिशाचे पैसे व्हायचे, सल्ला फुकट असायचा. तोंडात टाचण्या धरून मावशी बोलायच्या आणि समोरचा माप देत उभा असायचा, त्यामुळे त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नसायचं. पैसे एका जागी ठेवू नकोस. कागदांच्या नकला वेगळ्या पिशवीत ठेव. कुणी कितीही गयावया केली तरी त्याची बॅग हातात धरू नकोस. खोलीच्या दाराखाली आतून लाकडाची पाचर ठोक. ती पाचरही त्याच द्यायच्या. रस्ता चुकलास तर चौकात उभं राहून नकाशा उलटासुलटा करू नकोस, सरळ एखाद्या दुकानात शीर. अडचण आली तर रिकामटेकड्याला विचारू नकोस, कामात असलेल्या बाईला विचार. तिला तुझ्यात काडीचा रस नसतो आणि तिथली खडान्‌खडा माहिती असते. आणि मुलींना शेवटी हमखास सांगायच्या, “एकटी आहेस हे कुणाला कळू द्यायचं नाही. कुणी विचारलं की ‘आमचे हे मागून येतायत’ म्हणून मोकळं व्हायचं. लग्न झालेलं नसलं तरी.”

हे सगळं ज्ञान परत आलेल्यांकडून गोळा केलेलं. मावशींनी स्वतः कधी देशाची वेस ओलांडली नव्हती. त्यांची थोरली बहीण लग्न होऊन परदेशी गेली, तिच्याकडे दोघांनी जायचं हे मास्तरांनी कधीचंच ठरवून टाकलं होतं. एका वर्षी शाळेच्या गणवेशांचं काम आलं, एका वर्षी त्यांचे गुडघे आडवे आले, एका वर्षी नुसतंच राहून गेलं. पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणता म्हणता तीन वर्षांपूर्वी मास्तरच गेले.

आता ताईची नजर चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण ताईचं तोंड शाबूत होतं. ती फोनवर म्हणाली, “अजून थोडं दिसतंय. तोवर येऊन जा बाई. नंतर आलीस तर नुसतं तुझं बोलणं ऐकावं लागेल, आणि ते तर मी रोजच ऐकते.” मावशी हसल्या, फोन ठेवला आणि मशीनवर डोकं टेकून पोटभर रडल्या. दुसऱ्या दिवशी तिकिटाची चौकशी करायला गेल्या.

खरा अडथळा होता तो मुलगा. तो पाणीखात्यात नळांची गळती शोधायच्या कामाला होता आणि हळूहळू तोच त्याचा स्वभाव झाला होता. आईने एकटीने जायचं म्हटल्यावर त्याला जिथे तिथे गळती दिसायला लागली. विमान चुकलं तर, पासपोर्ट हरवला तर, मधल्या विमानतळावर दार सापडलं नाही तर. अखेर तो कबूल झाला, पण एका अटीवर. “काउंटरवर जरा जरी घोळ झाला ना आई, तर मी तुला घेऊन सरळ घरी येणार. पुढच्या वर्षी रजा काढतो आणि स्वतः नेतो.”

पुढचं वर्ष काय असतं हे मावशींना चांगलं ठाऊक होतं. तोवर ताईला त्यांचा चेहरा दिसला नसता.

आणि घोळ झाला तो त्यांच्या स्वतःच्या हाताने. अंगातला कोट मूळचा मास्तरांचा. थंडीच्या देशात जायचं तर ऊबदार काहीतरी हवं, म्हणून त्यांनी तो आपल्या मापाचा करायला घेतला. अस्तर उसवलं तर आत चोरखिसा निघाला. शेजारीशेजारी दोन कप्पे, दोन्ही पासपोर्टच्या मापाचे, तपकिरी दोऱ्याने हाताने शिवलेले. जन्मभर दुसऱ्यांचे चोरखिसे शिवणाऱ्या बाईला घरातल्या खुंटीवरचा हा खिसा माहीत नव्हता. मास्तरांनी तो कधी शिवला, कोण जाणे. मावशींनी बाकीचा कोट सगळा उसवला, लहान केला, पण त्या कप्प्यांच्या एका टाक्याला हात लावला नाही.

आज सकाळी मुलाने चहा पिता पिता कुणाचा तरी पासपोर्ट टॅक्सीत पडल्याची गोष्ट सांगितली. मावशींनी कप खाली ठेवला. त्या उठल्या, पासपोर्ट डावीकडच्या कप्प्यात घातला, मशीनवर पांढरा दोरा चढलेलाच होता, आणि कप्प्याच्या तोंडावर त्यांनी दुहेरी टीप मारून टाकली. हात सवयीने चालला. आपली शिवण उसवत नाही याचा त्यांना फार अभिमान होता.

पुढे गाडीत मुलाने विचारलं, पर्समध्ये टोकदार काही नाही ना? त्यांनी नेहमीची छोटी कात्री मुकाट्याने काढून दिली. मोठ्या बॅगेला कुलूप लागलं होतं, म्हणून त्याने ती आपल्याच खिशात टाकली. विमानतळाच्या दारावर तिकीट आणि आधार कार्ड दाखवून भागलं, आणि मुलगाही पास काढून आत आला. म्हणजे या घटकेला मावशींची कात्री तिकडे दोरीपलीकडे, टाचा उंचावून इकडे बघत असलेल्या मुलाच्या खिशात होती. मागितली की मिळणार होती, आणि तिच्याबरोबर घरी परत जायची गाडीसुद्धा.

काउंटरवरच्या मुलीने ड्रॉवर उघडून पाहिला. त्यात पेनं निघाली, चिकटपट्टी निघाली, कात्री नव्हती. ती म्हणाली, “मावशी, अस्तर फाडून टाका ना सरळ. शिवलंत तुम्हीच ना, नंतर नीट कराल.”

मावशींनी कोटाच्या आत हात घातला. अस्तर बोटांत धरलं. एक हिसका दिला असता तर पासपोर्ट बाहेर आला असता, पण त्याच्याबरोबर तपकिरी टाकेही गेले असते. अस्तर पुन्हा शिवता आलं असतं. ते टाके घालणारा हात कुठून आणायचा? त्यांनी बोटं सोडली. मुलीने त्यांना बाजूला बसायला सांगितलं आणि काउंटर बंद व्हायच्या आत या, असं बजावून पुढच्या माणसाला बोलावलं.

बाकावर बसल्या बसल्या त्यांनी दाताने दोरा तोडून पाहिला. पण पुढचे दात गेल्याच वर्षी नवे बसवले होते आणि ते जेवणापुरतेच होते. मावशींना आता खरोखरच भीती वाटायला लागली. इतक्या जणांना इतकं शिकवलं आणि आपण काउंटरही ओलांडू शकत नाही, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

मग त्यांना स्वतःचंच बोलणं आठवलं. कामात असलेली बाई. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. एक बाई लांब दांड्याच्या फडक्याने फरशी पुसत येत होती आणि ओल्या फरशीवरून चालणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या देत होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मावशी तिच्याकडे गेल्या आणि आपला पराक्रम सांगून टाकला.

बाईने आधी कोट पाहिला, मग मावशींना पाहिलं. हसली मात्र नाही. तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला एक नेलकटर लटकत होतं. “याने होईल का? पण माझ्यासमोर कापा. मागे एकाने नेलं ते नेलंच.”

मावशी बाकावर बसल्या, कोट उलटा करून मांडीवर घेतला आणि त्यांचे हात एकदम शांत झाले. नेलकटरने त्यांनी पांढऱ्या टिपेचा एक टाका तोडला, थोडी जागा सोडून पुढचा, मग आणखी पुढचा. तपकिरी टाका जवळ आला की श्वास रोखायचा, बाजूने जायचं. बाई फडक्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून बघत उभी राहिली.

एवढ्यात फोन वाजला. मुलगा होता.

“आई, कोट का काढलास?”

“उकडतंय.”

“आणि बाजूला का बसलीस? काय झालं? मी येऊ का आत?”

“पाय दुखले म्हणून बसले. ही बाई भेटलीये, तिच्याशी बोलतेय जरा.”

हे त्याला पटलं. आई कुठेही कुणाशीही बोलत बसते, हे तो लहानपणापासून बघत आला होता. एका दमात मुलाला दोन थापा मारल्याचं मावशींना वाईट वाटलं, पण फार नाही. त्यांनी दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं, हलकेच ओढलं, आणि सगळी टीप सरसर निघून हातात आली. कप्पा उघडला. पासपोर्ट बाहेर आला.

बाईने वाकून आत पाहिलं. “दोन कप्पे कशाला?”

“एक ह्यांचा,” मावशी म्हणाल्या.

बाईला काय कळायचं ते कळलं असावं.  तिने नेलकटर परत जुडग्याला अडकवलं, आणि मावशी पर्स उघडायला लागल्या तशी हातानेच नको म्हणाली. “ओल्यावरून जाऊ नका, म्हणजे झालं.”

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतला, शिक्का-चिठ्ठ्या उरकल्या, मोठी बॅग पट्ट्यावरून आत गेली. पासपोर्ट परत देताना ती म्हणाली, “अजून चार ठिकाणी दाखवावा लागेल हं. परत शिवू नका.”

मग मावशी दोरीपाशी मुलाचा निरोप घ्यायला गेल्या. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की आता कुठली गळती राहिली का, हे तो शोधतोय. त्याने खिशात हात घातला आणि छोटी कात्री बाहेर काढली. “ही माझ्याकडेच राहिली बघ. लागणार नव्हती ना?”

“छे. कशाला लागतेय?” मावशी म्हणाल्या.

त्याने कात्री परत खिशात टाकली.  काहीतरी सांगायचं म्हणून तो त्यांचीच वाक्यं त्यांना ऐकवायला लागला, पैसे एका जागी ठेवू नकोस, कुणाची बॅग धरू नकोस. मावशींनी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलावून ऐकली. ऐकताना त्यांना जाणवलं की निघालेल्यांना नव्हे, मागे राहणाऱ्यांना त्या वाक्यांचा जास्त आधार होता. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि वळल्या.

तपासणी झाली, शिक्का बसला, विमानाच्या दाराजवळची जागाही एका झाडूवालीला विचारून बिनचूक सापडली. खुर्च्यांच्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मावशी एकीवर बसल्या. थोड्या वेळाने एक गप्पिष्ट गृहस्थ आले, दुसऱ्या खुर्चीवर बॅग टेकवता टेकवता त्यांनी विचारलं, “एकट्याच निघालात वाटतं?”

“नाही, आमचे हे मागून येतायत,” मावशी म्हणाल्या.

वाक्य तोंडात इतकं बसलेलं होतं की आपोआप बाहेर पडलं. गृहस्थ माफ करा म्हणाले आणि बॅग उचलून पलीकडच्या रांगेत गेले. मावशी मात्र तशाच बसून राहिल्या. इतक्या मुलींना त्यांनी हे वाक्य शिकवलं होतं, पण स्वतःसाठी म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मास्तर येतायत, असं गेल्या तीन वर्षांत त्या म्हणाल्या नव्हत्या. म्हणून पाहिलं तर बरं वाटलं.

आता खुर्ची रिकामी ठेवणं भाग होतं. त्यांनी ताईला फोन लावून सांगितलं की सगळं सुरळीत पार पडलं, काही म्हणजे काही झालं नाही. ताई म्हणाली, व्हायला काय होणार होतं, तू काय लहान आहेस? मावशी हसल्या. मग त्यांना खरंच उकडायला लागलं. त्यांनी कोट काढला, पासपोर्ट पर्समध्ये न ठेवता हातातच धरला, आणि कोट शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर घातला. मास्तर घालायचे तसे खांदे सारखे केले, कॉलर बसवली, अस्तर आत दुमडलं.

गर्दी वाढत होती. जागा शोधणारी माणसं त्या खुर्चीपर्यंत यायची, कोट बघायची आणि पुढे जायची.