हातावर हात

पहिल्या वेळी मी नापास झाले, ती मदत केली म्हणून.

शिकत होते ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटचं काम. म्हणजे दुखण्यानं हातपाय रुसलेल्या माणसाला आंघोळ, कपडे, जेवण ही रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करायला शिकवायची. प्रात्यक्षिकात पेशंटकडून शर्ट घालून घ्यायचा होता. समोरच्या आजोबांची बोटं पहिल्याच बटणाशी झटायला लागली आणि माझा हात कधी पुढे गेला मला कळलंच नाही. कळलं तेव्हा सगळी बटणं लागली होती, कॉलर नीट बसली होती आणि मी आजोबांचा भांग पाडत होते.

"सुंदर," मॅडम म्हणाल्या. "आता उद्या घरी त्यांना शर्ट कोण घालणार? तुम्ही जाणार?"

आणखी एकच संधी होती. ती हुकली की पुढच्या वर्षी श्रीगणेशापासून. वर्गातल्या पोरी आत्ताच मला काकू म्हणत होत्या, पुढच्या वर्षीच्या आजी म्हणाल्या असत्या.

घरी सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे एकानं धडपडायचं आणि दुसऱ्यानं नुसतं बघत बसायचं? त्याला कोर्स कशाला लागतो? आमच्या चिरंजीवांना ते उपजत येतं."

चिरंजीव, म्हणजे आमचे हे, पेपराआडून म्हणाले, "मी ऐकतोय."

"ऐक की. तेवढं तरी कर."

सराव तर हवाच होता, म्हणून यांनाच पेशंट केलं. उजवा हात खिशात, शर्ट डाव्या हातानं घालायचा. नाटक करायची गरजच पडली नाही. ज्या माणसाला स्वतःचा टॉवेल कुठे वाळत असतो हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, त्यानं आधी बाहीत डोकं घातलं. माझे हात शिवशिवले.

"सूनबाई, हात!" सासूबाई कडाडल्या.

लग्न होऊन आले तेव्हा याच बाईंनी बजावलं होतं, या घरात हातावर हात ठेवून कुणी बसत नाही. आणि आता मी हातावर हात ठेवून बसते की नाही, यावर त्यांचाच पहारा.

"अगं, मी पेशंट आहे!" हे बाहीतून कळवळले.

"म्हणूनच तुमचं तुम्ही करा," मी म्हटलं. वाक्य इतकं गोड लागलं की पुढचे कित्येक दिवस मी ते चहाच्या वेळी, इस्त्रीच्या वेळीही वापरून घेतलं.

परीक्षेत माझ्या वाट्याला शिंपीकाका आले. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू दुबळी झालेली, जीभ मात्र कात्रीसारखी चालत होती. जन्मभर दुनियेच्या शर्टांना काजं-बटणं केली आणि आता त्यांच्याच अंगात शर्ट त्यांची लेक घालत होती. मॅडम कोपऱ्यात घड्याळ लावून बसल्या.

मी काकांच्या मांडीवर शर्ट पसरून दिला. "आधी दुबळा हात बाहीत, मग चांगला." बटण काजातून ओढायचा आकडा असतो, मूठ लाकडी, पुढे तारेचा फास. तो त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि समोर बसले. हातावर हात.

बाह्या चढल्या. काका आकडा निरखत म्हणाले, "बाई, तुमचं पास होणं माझ्या बटणांवर आहे म्हणे?"

"हो ना, काका."

"मग लावून टाका की. मी सांगेन मीच लावली."

"मॅडम बघतायत."

"त्यांना चहाला पाठवू."

पहिलं बटण दोनदा निसटलं. "हे काज कुणी केलंय? काज आहे का सुईचं नेढं!" दुसऱ्यालाही शिव्या पडल्या. तिसऱ्याला काका गप्प झाले आणि ते काही मला सोसेना. कपाळावर घाम, ओठ दाताखाली. मग हळूच म्हणाले, "लाव ना गं, पोरी." यात चेष्टा नव्हती.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. "मी इथेच आहे, काका. सावकाश होऊ द्या."

शेवटचं बटण लागलं. काकांनी विजयानं मान वर केली. कॉलरचं एक टोक कानाशी, दुसरं पार खाली. सुरुवातच एक काज सोडून झाली होती! मॅडमची नजर घड्याळावर. माझ्या हातांना अर्ध्या मिनिटाचं काम.

"काका," मी म्हटलं, "जरा आरशात बघता?"

त्यांनी बघितलं. मग काका असे हसले की खुर्ची हलली. "गिऱ्हाईक असं आलं असतं तर दुकानात घेतलं नसतं!" आणि पठ्ठ्यानं सगळी बटणं सोडायला घेतली.

"वेळ संपली," मॅडम म्हणाल्या.

"त्यांचं चाललंय, मॅडम," मी म्हटलं. पुढच्या वर्षी आजी तर आजी.

मॅडम उठून जवळ आल्या. सुटलेली बटणं एकेक करून पुन्हा लागली, आता लावायचं एकच राहिलं होतं, गळ्याशी. ते काजात अडलं, निसटलं, पुन्हा अडलं. मॅडम वाकल्या. त्यांची बोटं आपोआप कॉलरकडे निघाली.

"मॅडम, हात!"

आवाज माझा होता, सूर सासूबाईंचा. मॅडमनी हात झटक्यात पाठीमागे नेला, चोरून गूळ खाताना सापडल्यासारखा. आणि तेवढ्यात ते बटण निमूट काजातून बाहेर आलं.

मॅडमनी घड्याळ बंद केलं. "पास," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या हाताचं वर्गात बोलायचं नाही."

काका आरशात कॉलर चाचपत होते. आरशातूनच त्यांनी मला न्याहाळलं. "बाई, तुमच्या बाहीची शिवण उसवलीय."

"अगंबाई! मग द्याल का शिवून?" मी कौतुकानं हात पुढे केला.

"सुई देतो," काका म्हणाले. "शिवा तुमची तुम्ही."